बेस गिटारसाठी फ्लॅटवाउंड तारा कोणत्या निवडाव्यात?

प्रश्न: माझ्या चार तारांच्या बेसवर सध्या ४५-१०५ मापाच्या (बारीक ते जाड तार, इंचाच्या हजाराव्या भागांत) राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेचे वेटोळे असलेल्या खडबडीत तारा आहेत. बोट सरकवताना होणारी करकर नकोशी झाल्यामुळे फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीचे वेटोळे असलेल्या गुळगुळीत तारा बसवण्याचा विचार आहे. परंतु ताण वाढून बेसची मान वाकेल, अशी धास्ती वाटते.

उत्तर १: केवळ माप पाहू नका, ताणही पाहा. ला बेला कंपनीचा ५२-११० संच, जो मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन वापरत, बोटांना चांगलाच जड जातो. उलट थोमास्टिक कंपनीचा ४३-१०० संच इतका मऊ लागतो की जोरात वाजवल्यास तार पट्ट्यांवर आपटते. मान थोडी पुढे ओढली गेलीच, तर ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक सुधारणारी सळई) पाव फेरा घट्ट करून तारा पुन्हा सुरात लावाव्यात आणि मगच त्यांची उंची मोजावी.

उत्तर २: जाड तार नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत बसते का, तेही तपासा. माझी ई तार खाचेवर तरंगत राहिली होती आणि मी मात्र मानेला दोष देत बसलो होतो.

प्रश्नकर्ता: स्लॅप (अंगठ्याने तारेवर आपटून वाजवण्याची पद्धत) मी क्वचितच वाजवतो, त्यामुळे आवाजातली चमक गेली तरी चालेल.

उत्तर १: मग मध्यम ताणाचा संच घ्या आणि लगेच निराश होऊन काढू नका, कारण या तारा मुरल्यावरच खुलतात. जेमरसन तर तार तुटल्याशिवाय बदलत नसत.