मदत हवी आहे: इंदूर, घराच्या कडेचं काँक्रीट खचलंय. उचलून घ्यावं, फोडावं की वरून माल टाकावा?

नमस्कार. आमचं घर इंदूरला, लोकमान्य नगरजवळ. १९९४ चं बांधकाम. पूर्वेच्या भिंतीलगत फाटकापासून मागच्या हौदापर्यंत साडेतीन फूट रुंद, अठ्ठावीस फूट लांब काँक्रीटची पट्टी आहे, ती २०११ मध्ये घातली होती. गेल्या दोन पावसाळ्यांत ती भिंतीच्या बाजूनं खाली बसलीय. काल लेव्हलची नळी लावून मोजलं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पावणेदोन इंच, फाटकाजवळ जेमतेम पाव इंच. उतार उलटा झाल्यामुळे गच्चीचं पाणी भिंतीच्या पायाशी साठतं आणि आतल्या बाजूला ओट्याखाली प्लास्टर फुगायला लागलंय.

पट्टीचे तीन तुकडे झालेत. मधला आणि मागचा यांच्यामध्ये पाऊण इंचाची पायरी तयार झालीय. खरी काळजी तिचीच आहे. नर्मदा, म्हणजे नळाचं पाणी, एक दिवसाआड पहाटे येते, आणि मोटर लावायला बाबाच जातात. ८१ वर्षांचे आहेत, ते काम दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. या महिन्यात दोनदा अडखळले. दुसऱ्यांदा खिडकीचा गज हाताला लागला म्हणून सावरले.

तिघांना दाखवून झालं. पहिले मिस्त्री म्हणाले, 'वरून दोन इंच माल टाकून लेव्हल करून देतो, एका दिवसाचं काम.' दुसऱ्यांचं म्हणणं, सगळं फोडून मुरूम भरून नवं करा. तिसरे ठेकेदार काँक्रीटला भोकं पाडून खालून फोम भरतात. त्यांचा भाव फोडून नवं करण्याच्या दुपटीहून जास्त आहे, पण दोन तासांत पट्टी जागेवर येईल म्हणतात.

जमीन काळी माती. मे महिन्यात भिंत आणि पट्टी यांच्यात अंगठा जाईल एवढी फट असते, आज करंगळीसुद्धा जात नाही. अशा मातीवर उचललेलं काँक्रीट टिकतं का? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, आम्ही वडोदऱ्याला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं होतं. ते ओसरल्यावर पार्किंगच्या काँक्रीटखालची भरणी वाहून गेलेली दिसली, हातोडी मारली की ढोलासारखा आवाज यायचा. आम्ही फोम भरून घेतला. बोटाएवढी भोकं पाडतात, दोन द्रव एकत्र होऊन आत फुगतात आणि पाव तासात घट्ट होतात. त्याच संध्याकाळी गाड्या लावल्या. पण आमचा स्लॅब अखंड होता आणि खाली सरळ पोकळी होती. तुमचे तीन तुकडे आहेत. प्रत्येक तुकडा वेगळा उचलला जाईल आणि सांध्यावर पुन्हा पायरी राहू शकते, हे ठेकेदाराला आधी विचारा.

प्रतिसाद २

ताई, मीही इंदूरचाच. चाळीस वर्षं साइटवर काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

वरून माल टाकायला अजिबात हो म्हणू नका. खचणाऱ्या पट्टीवर आणखी वजन पडेल. शिवाय जोत्याच्या वर ओल अडवणारा जो थर असतो, त्याच्या पातळीपर्यंत नवा माल गेला की बाहेरची ओल त्या थराला ओलांडून भिंतीत चढते. ओट्याखालचं प्लास्टर आत्ताच फुगतंय, मग विटा धरणार.

तुम्ही फटीचं जे लिहिलंत, ते फार महत्त्वाचं आहे. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. तो वर्षाचा श्वास आहे, तो कोणतीही पद्धत बंद करत नाही. मेमध्ये पट्टी बरोबर लेव्हलला उचलली तर ऑगस्टमध्ये माती फुगून ती वर येऊ शकते. पण पावणेदोन इंच बसली ती एकाच ठिकाणी, खिडकीखाली. सगळीकडे सारखी बसली असती तर मी मातीला दोष दिला असता. तिथेच का, हे आधी शोधा. सिंकचं पाणी कुठल्या चेंबरमध्ये जातं? त्याची बाहेर जाणारी नळी कापडाच्या बोळ्यानं बंद करा, चेंबर भरा, खडूनं खूण करा आणि दोन तास सिंक वापरू नका. पाणी उतरलं तर चोर सापडला. हौदाकडे जाणारी नर्मदेची लाइन पट्टीखालून जात असेल तर पाणी येण्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, दोन्ही दिवस कडेची माती उकरून ओल बघा.

तोवर बाबांसाठी पाऊण इंचाची पायरी ग्राइंडरनं घासून उतरती करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. ते उद्याच करा.

धागाकर्ती

काका, मनापासून धन्यवाद. पायरी सोमवारीच घासून घेतली आणि तिथे पिवळा पट्टा ओढला.

नर्मदेच्या लाइनीजवळची माती दोन्ही दिवस सारखीच होती. चेंबरचं पाणी मात्र दोन तासांत चार बोटं उतरलं. बुडाशी विटांचा जोड सुटलाय आणि बाहेरच्या अंगाला घुशीचं बीळ आहे, ते थेट पट्टीखाली गेलेलं. इतकी वर्षं भांड्यांचं पाणी तिथे मुरत होतं आणि आम्ही काळ्या मातीला बोल लावत होतो.

आता चेंबर नवा करायला प्लंबर आणि मिस्त्री दोघांना बोलावलंय. त्यानंतर फोम की फोडणं? शेजारच्या काकू पेव्हर ब्लॉक लावा म्हणतात, पुढे खचले तर काढून पुन्हा बसवता येतात म्हणून.

प्रतिसाद २

पेव्हरची ती सोय खरी आहे, फाटकाबाहेर खुशाल लावा. भिंतीलगत नकोत. सांध्यांतून पाणी खाली जातं, आणि काळ्या मातीत पायाशी पाणी नेणं हेच तर आपल्याला टाळायचंय.

फोमही इथे मी घेणार नाही. पोकळी भरेल, पण चेंबरभोवती भिजून लोण्यासारखी झालेली माती खाली तशीच राहील. सिमेंटचा पातळ माल पंपानं भरायचा तर तो फोमपेक्षा कितीतरी जड, मऊ मातीवर तो स्वतःच बसेल. त्याला भोकंही मोठी लागतात.

फाटकाजवळचा तुकडा जवळजवळ जागेवर आहे, तो वाचवा. मधला आणि मागचा फोडा. चेंबर झाल्यावर माती वाळायला दिवाळीपर्यंत वेळ द्या. मग दीड फूट काळी माती काढा, बीळ दिसेल तिथवर उकरून भरा, आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मसानं दाबा. वर गिट्टी, त्यावर चार इंच काँक्रीट. उतार बाहेरच्या बाजूला, मीटरला दोन सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या रुंदीत दोन सेंटीमीटरहून थोडा जास्त येईल. दर चार-पाच फुटांवर सांधा सोडा. भिंतीला काँक्रीट चिकटवू नका, मध्ये अर्धा इंच जागा ठेवून ती डांबरी मसाल्यानं भरा, म्हणजे पट्टी वर-खाली झाली तरी भिंतीला ओढणार नाही. गच्चीचा पाइपही पुढे वाढवून पट्टीच्या बाहेर सोडा. निदान सात दिवस ओली गोणपाटं.

हौदाकडची वाट तेवढे दिवस बंद राहील, तेव्हा मोटरचं बटण आत स्वयंपाकघरात घेता आलं तर पाहा. बाबांना हौदापर्यंत जायची गरजच उरणार नाही.

धागाकर्ती

बटण आत घेण्याचं आम्हाला सुचलंच नव्हतं. बाबांना विचारलं, 'आधी पाणी आलं का ते बघायला जावंच लागतं' म्हणाले. तरी इलेक्ट्रिशियनला बोलावते. एकच विचारायचं राहिलं: काम चालू असताना मी नेमकं काय बघू?

प्रतिसाद २

मुरूम. काँक्रीट सगळे नीट घालतात, कारण ते दिसतं. मुरूम भरायच्या दिवशी तुम्ही स्वतः उभ्या राहा, आणि सहा इंच दाबण्याआधी वर दुसरं घमेलं पडलं तर तिथेच काम थांबवा.