मदत हवी आहे: मरीन ड्राइव्हचा एअर शो, ७६ वर्षांचे बाबा आणि फटाक्यांना घाबरणारा मुलगा

ओझरची
९ जानेवारी २०२४, रात्री १०.५०

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

१२, १३ आणि १४ जानेवारीला मरीन ड्राइव्हवर हवाई दलाचा एअर शो आहे, रोज दुपारी १२ ते १. ही बातमी बाबांनी पेपरात वाचली आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. कात्रण फ्रिजवर लावलंय.

बाबा 'मिग'मध्ये होते. नाशिककरांना फोड करून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, ओझरच्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमान कारखान्याला आमच्याकडे मिग म्हणतात, वसाहतीलाही मिगच म्हणतात. बाबा १९७० साली लागले, २००७ ला रिटायर झाले. जन्मभर विमानांच्या पत्र्यांना रिव्हेट (पत्रे जोडायचे खिळे) मारले. शेवटची तीनेक वर्षं सुखोई या लढाऊ विमानाच्या जोडणीवर होते. रिव्हेटांनी कान घेतले, आता दोन्ही कानांना मशीन आहे. मे महिन्यात उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सपाटीवर अर्धा तास चालतात, जिना एकेक पायरी करत चढतात, एका जागी उभं राहणं वीस मिनिटांच्या वर नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की टेस्ट फ्लाइट शेकड्यांनी पाहिल्या, पण विमान सरळ जातं, वळतं आणि उतरतं, बस. नाचताना कधी पाहिलं नाही.

दुसरी बाजू चिरंजीवांची. वय सहा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला बाथरूमचं दार लावून बसला होता. तरीही "आजोबांचं विमान" बघायला यायचंच आहे.

आम्ही राहतो डोंबिवलीला. शुक्रवारी शाळा. रविवारी भोगी, सोमवारी संक्रांत, त्यामुळे सासूबाईंना रविवार चालणार नाही (आणि भोगीची भाजी-बाजरीची भाकरी सोडून घराबाहेर पडायला खरं तर मलाही नको आहे). शनिवार दुसरा आहे, नवरा बँकेत असल्यामुळे त्याला सुट्टी. पुढे २० ते २८ काळा घोडा, २१ ला मॅरेथॉन (नवरा ड्रीम रनमध्ये धावणार, म्हणजे चालणार), २५ ला प्रभादेवीची जत्रा सुरू, जे सासूबाईंचं माहेर. वरून हळदीकुंकवाची बोलावणी. या महिन्यात मुंबई सगळे पदार्थ एकाच वेळी पानात वाढते. खायचं कसं ते आपण बघायचं.

तर मला सांगा: शनिवार बरोबर ठरेल ना? जायचं कसं? बसायचं कुठे? मुलाच्या कानांचं काय करायचं? आणि बाबांना मधेच 'जायचं' झालं तर?

---

लोकलप्रेमी
९ जानेवारी, रात्री ११.२५

शनिवारच. शुक्रवारी अटल सेतूचं उद्घाटन आहे, पंतप्रधान मुंबईत, रस्त्यावर बंदोबस्त. रविवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघत बसावं लागेल.

गाडीचं सांगतो. सगळे तुम्हाला दादरला उतरून वेस्टर्न पकडा म्हणतील, कारण चर्चगेटहून मरीन ड्राइव्ह चालत पाच-सात मिनिटांवर आहे. ऐकू नका. दादरचा पूल ऑपरेशन झालेल्या गुडघ्यासाठी नाही. थेट सीएसएमटीला जा. टर्मिनस असल्यामुळे लोकलच्या फलाटावरून सपाट चालत बाहेर पडता, एक पायरी नाही. बाहेर टॅक्सी करा. तिला जिथवर सोडतील तिथवर सोडू दे.

फास्ट पकडायच्या मोहात पडू नका. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो धरा. सव्वा ते दीड तास लागेल, पण बाबा खिडकीत बसून जातील. आठच्या आत घर सोडा.

परतीला घाई करायची नाही. एक वाजता सगळी मरीन ड्राइव्ह एकदम उठते. तासभर तिथेच बसा, डबा खा.

---

गिरगावकर७२
१० जानेवारी, सकाळी ७.१०

वरच्याला अनुमोदन. जागेचं मी सांगतो, जन्म त्या कट्ट्यावर गेलाय.

पहिली गोष्ट, गिरगाव चौपाटी नको. एकतर वाळू, नव्या गुडघ्याला वाळूइतका शत्रू नाही. दुसरं म्हणजे ऊन. जानेवारीत मुंबईत सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे कललेला असतो, आणि आपल्याकडची खरी माध्यान्ह पाऊणच्या आसपास होते. म्हणजे शोचा पूर्ण तास सूर्य दक्षिणेला, अर्ध्या आकाशात. चौपाटीवरून समुद्राकडे बघाल तर तो थेट डोळ्यांत. त्याउलट नरिमन पॉइंटच्या बाजूला बसलात आणि मलबार हिलच्या दिशेने बघितलंत तर सूर्य पाठीशी राहतो. विमानं समुद्रावरच असतात, कमानीच्या दोन्ही टोकांना दिसतात. मग डोळे का जाळायचे?

सावली कुठेही नाही. टोपी, पाणी, गूळपोळी असेल तर गूळपोळी. साडेदहाला पोचा, म्हणजे बाबांना कट्ट्यावर बूड टेकायला जागा मिळेल. कट्टा दगडी आहे, एक उशी न्या. हसू नका, दोन तासांनी आठवण येईल. घडीचं स्टूल न्यायचं तर न्या, पण पुढे कोणी उभं राहिलं की स्टुलावरचा माणूस खड्ड्यात.

टेट्रापॉडवर (कट्ट्यापलीकडच्या सिमेंटच्या तिपाई ठोकळ्यांवर) उतरायचं नाही, पोराला उतरू द्यायचं नाही. शेवाळ असतं. दरवर्षी कोणीतरी फोटोसाठी उतरतो आणि अग्निशमन दलाला कामाला लावतो.

'जायचं' म्हणालात, त्याचं उत्तर सीएसएमटीला उतरल्याउतरल्या उरकणे. दर अर्ध्या तासाला चहा पाजायचा नाही, हे दुसरं उत्तर.

आणि फोन चालणार नाहीत असं धरून चाला. एवढ्या गर्दीत नेटवर्क झोपतं. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. मुलाच्या दंडावर पेनाने फोन नंबर लिहा.

---

खडूस_आजोबा
१० जानेवारी, सकाळी ९.३०

एक तास विमानं उडवायला किती इंधन जळतं याचा कोणी विचार करतं का? त्या घारींचं काय? आमच्या वेळी मुंबईचे सण म्हणजे सण होते. आता रोज फेस्टिव्हल.

---

गिरगावकर७२
१० जानेवारी, सकाळी ९.४२

आजोबा, चहा घेतला का? 😀

घारींचा मुद्दा मात्र खरा आहे. खाली पडलेल्या खाण्यावर घारी-कावळे जमतात आणि खालून उडणाऱ्या विमानाला पक्षी हा मोठा धोका असतो. भेळेचे कागद तिथे टाकू नका. पतंगाचंही तेच. संक्रांत आहे म्हणून त्या दिवशी मरीन ड्राइव्हवर पतंग काढणारे महाभाग असतातच.

---

स्वरांतर
१० जानेवारी, दुपारी २.०५

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून कानांपुरतंच लिहिते.

मुलाला कापसाचे बोळे घालू नका. सगळे तेच करतात, आणि कापूस जवळपास काहीच अडवत नाही. लहान मुलांचे कानावर बसणारे मफ मिळतात, ते घ्या. आज आणले तर आजच घरात घालायला द्या, मिक्सर लावून दाखवा. शोच्या वेळी पहिल्यांदा घातले तर तो ते फेकून देईल. आणि मफ चढवायचे-काढायचे ते त्याने. आपण कानावर हात दाबले की मुलं जास्त घाबरतात. फटाक्यांत भीती असते ती कधी वाजेल ते कळत नाही याची.

त्यासाठी एक खेळ सांगते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज तीन सेकंदांनी पोचतो. म्हणून आवाज येतो तिकडे बघितलं तर विमान तिथे नसतं, ते पुढे गेलेलं असतं. मुलाला सांगा, विमान दिसलं की मोजायला लाग, आवाज येईपर्यंत. त्याला आवाज कधी येणार ते त्याच्या हातात आल्यासारखं वाटेल.

बाबांनी विमानं जवळ यायच्या आधी दोन्ही मशीन काढून डबीत ठेवावीत आणि मोठे मफ लावावेत. उरलेलं ऐकणं जपायचं आहे. डबी खिशात नको, पर्समध्ये. कट्ट्यावरून पडलेलं मशीन परत मिळत नाही.

---

नाशिकरोड_लोकल
१० जानेवारी, रात्री ९.१५

ओझरची, बाबा कुठल्या शॉपला होते? माझे मामा पेंट शॉपला!

त्यांना सांगा, हा जवळजवळ घरचाच कार्यक्रम आहे. सुखोई-३० एमकेआय तर ओझरचंच. सूर्यकिरण, म्हणजे हवाई दलाचं विमानांच्या कसरतींचं पथक, १९९६ ला सुरू झालं ते एचएएलच्या किरण विमानांवर. २०११ नंतर मधे काही वर्षं बंद होतं, आता हॉक जातीच्या विमानांवर उडतात. तीही एचएएलने परवान्यावर बनवलेली, नऊ विमानं एकत्र. सारंग या हेलिकॉप्टर पथकाची हेलिकॉप्टरं म्हणजे ध्रुव, पुन्हा एचएएल. आकाशगंगा पथकाचे जवान पॅराशूटने उड्या मारतात आणि सी-१३० हर्क्युलस हे मालवाहू विमान कमी उंचीवरून जातं. ते एक अमेरिकेचं. तेवढं माफ करायला सांगा.

---

ओझरची
११ जानेवारी, रात्री १०.००

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. शनिवार पक्का. मफ आणले. पोरगा ते घालूनच जेवला. बाबा असेंब्लीला होते, नाशिकरोड. मामांचं नाव विचारतायत. विपूत (खाजगी निरोपात) कळवा, इथे नको.

---

ओझरची
१३ जानेवारी, रात्री ९.४०

जाऊन आलो! ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी सविस्तर.

स्लो लोकलने बाबा खिडकीत बसून गेले आणि मुंब्र्यापासून मशीद बंदरपर्यंत नातवाला विमान कसं जोडतात ते सांगत होते. टॅक्सीने एका बंद रस्त्यापाशी सोडलं, तिथून दहा मिनिटं चाललो. कट्ट्यावर जागा मिळाली, उशी नेली होती. गिरगावकर, नवरा हसला होता. अकराला त्यानेच ती मागितली.

हवेत धुरकट होतं, मलबार हिल पुसट दिसत होती. आधी वाटलं, काही दिसणारच नाही. पण सूर्य पाठीशी असल्यामुळे विमानं चमकत होती. आमच्या शेजारचे लोक उलट्या तोंडाने बसून हाताचा आडोसा करत होते, त्यांना मी तुमचं ज्ञान माझं म्हणून खपवलं.

स्वरांतर, एक गोष्ट तुम्ही सांगितली नव्हती. मशीन काढली की बाबांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग तो चढतो. त्यामुळे आजूबाजूच्या पन्नासएक माणसांना सुखोईच्या पंखाच्या जोडणीची सविस्तर माहिती मिळाली. मी दोनदा हाताने "हळू" अशी खूण केली. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकू, असू दे ना, आजोबांना बोलू दे." मग चार-पाच मुलं त्यांच्या पायाशीच बसली. बाबांनी रिव्हेट मारताना आतल्या बाजूला लोखंड धरून बसणाऱ्या जोडीदाराचं महत्त्व सांगितलं. तो जोडीदार म्हणे टाकीत आडवा झोपून चार-चार तास काढायचा. हे मला पंचेचाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

सुखोई आलं तेव्हा मात्र बोलणं थांबलं. पोरगा मोजत होता, "एक, दोन..." तीन म्हणायच्या आत आवाज छातीवर आला. कानावर नाही, छातीवर. मी पोराकडे बघितलं, तो मफ दोन्ही हातांनी धरून हसत होता. बाबांकडे बघितलं तर ते विमानाकडे बघतच नव्हते. डोळे मिटून हाताचा पंजा कट्ट्याच्या दगडावर सपाट टेकवला होता. म्हणाले, "येतंय. हातात येतंय."

मग साडेबाराला व्हायचं तेच झालं. सीएसएमटीला उरकूनही बाबांना जायचं होतंच. नवरा त्यांना घेऊन गेला, रांग, परत येताना गर्दी. तेवढ्यात इकडे सारंगची हेलिकॉप्टरं येऊन गेली. मला फार वाईट वाटलं. परतल्यावर सांगितलं तर बाबा शांतपणे म्हणाले, "असू दे. ध्रुव बंगळुरूचं आहे."

परतीला लोकलप्रेमींचं ऐकून तासभर थांबलो, तिळाच्या पोळ्या खाल्ल्या. कागद परत आणले, खडूस आजोबा, तुमच्यासाठी. नुकसान एकच: पोरगा एक मफ लोकलमध्ये विसरला, म्हणजे मोठ्या माणसांचा, बाबांचा.

---

खडूस_आजोबा
१३ जानेवारी, रात्री १०.२०

मी १९६८ ला गोदीत रिव्हेटर होतो. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. आत लोखंड धरणाऱ्याचे कान आधी जातात.

---

ओझरची
१४ जानेवारी, दुपारी ३.३०

आजोबा, वाचून दाखवलं. बाबांनी तुमचा नंबर मागितलाय, विपू करते.

आता याच धाग्यावर पुढचा प्रश्न विचारते, नवा धागा काढत नाही. कालच्या यशाने सासूबाई पेटल्या आहेत. २५ ला गुरुवारी प्रभादेवीच्या जत्रेला सगळ्यांनी यायचंच, बाबांनीसुद्धा. दर्शनाची रांग, बर्फाचा गोळा, पाळणे, सगळं. संध्याकाळी गेलो तर उभं राहायला जागा नसते हे मला माहेरवाशिणींकडून कळलंय. सकाळी लवकर गेलो तर दुकानं उघडी असतात का? आणि बाबांना टेकायला देवळाजवळ कुठे जागा आहे?