चौगुले घराण्याची वंशावळ : हेळवी आणि मोडी जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चिकोडी तालुक्यातले चौगुले. गावगाड्यात पाटलाच्या हाताखाली काम करणारा वतनदार तो चौगुला, हे बहुतेकांना माहीत असेलच. पण हे आडनाव आपल्या भागात मराठ्यांत आहे, जैनांत आहे, लिंगायतांतही आहे. त्यामुळे ‘सगळे चौगुले मुळात एकच’ असं कुणी सांगू लागलं की मी मान डोलावतो आणि चहा घेतो. मला फक्त आमच्या घराचं मूळ हवंय: वतन कुठल्या गावचं आणि वतनाआधीचं आडनाव काय.

पणजोबांपर्यंत नावं जुळली आहेत. पुढचं हेळव्यांच्या, म्हणजे घराण्यांच्या पिढ्या नोंदवून ठेवणाऱ्या फिरत्या लोकांच्या, वहीत सापडेल, असं थोरले काका म्हणतात. पूर्वी सुगी झाली की हेळवी बैलावरून यायचे, दारात पिढ्या म्हणून दाखवायचे, धान्य घेऊन जायचे. आता आमच्याकडे कुणी फिरकत नाही. चिकोडी, निपाणी, हुक्केरीकडे चौगुल्यांची वही कुणाकडे आहे, ठाऊक आहे का?

दुसरं, 1956 पर्यंत आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हणजे इनाम-वतनांची चौकशी करणाऱ्या 1852 च्या इनाम कमिशनच्या वेळचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात असू शकतात. तिथे नुसत्या गावाच्या नावावरून रुमाल (जुन्या कागदांचं बांधलेलं गाठोडं) मागवता येतो का? कुणी मागवला असेल तर रीत सांगा.

घरात एक मोडी कागदही आहे, कडेने वाळवी लागलेला. वाचून देणारं कुणी बेळगाव-कोल्हापूरकडचं असेल तर कळवा. रीतसर मानधन देईन.