मदत हवी आहे: कुर्ता एलच होतोय, मग वजन वाढलं कसं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न थोडा येडपट वाटेल, पण खरंच अडलंय. वय ४७, उंची पाच फूट दोन इंच. घरात वजनकाटा नाही. कधी घ्यावासा वाटला नाही, कारण माझा हिशेब सोपा होता: एल होतोय ना, मग वजन जागेवर आहे.

गेल्या महिन्यात गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे गेले. "इतक्यात वजन वाढलंय का?" मी छातीठोकपणे नाही म्हणाले. काट्यावर उभी राहिले तर ६९! २०१६ च्या तपासणीच्या कागदावर ६१ आहे.

घरी येऊन शिवणाची टेप घेतली आणि कपाट उपसलं. तीन एल कुर्ते पलंगावर पसरले. सगळ्यांत जुन्याची छाती ३९, मधल्याची ४१, दिवाळीत घेतलेल्याची ४३. जीन्सच्या लेबलवर ३२, पट्टा भरला ३४. लेगिंग्जचं तर सोडाच, ती कुणालाच नाही म्हणत नाही.

खरं काय ते दिराच्या लग्नातल्या ब्लाउजने सांगितलं. आमचे टेलरकाका बाजूला तीन टिपा मारून कापड आत ठेवतात. पहिली टीप दिराच्या मुलाच्या बारशाला उसवली, दुसरी त्याच मुलाच्या मुंजीला. पाव इंचाने काय होतंय, असं वाटायचं. पण पुढचा-मागचा पदर आणि दोन्ही बाजू धरल्या की एका टिपेला अख्खा इंच होतो. आता तिसऱ्या टिपेवर आहे, पुढे कापडच नाही. दोन इंचांची नोंद घरात होती आणि मी लेबल वाचत बसले!

थोडं वाचलं. अमेरिकेत बायकांच्या कपड्यांच्या मापांचं सरकारी मानक १९५८ मध्ये निघालं आणि १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं. तिथे कपडा ढगळ करून आकडा लहान ठेवायची चाल आहे, गिऱ्हाईक खूश. आपल्याकडे निफ्ट या सरकारी फॅशन शिक्षणसंस्थेने भारतीय मापांसाठी स्कॅनरने माणसं मोजायचं काम हाती घेतलं, पण माझ्या कपाटापर्यंत त्यातलं काही आलेलं नाही.

तर मदत हवी आहे ती अशी. कंबर नक्की कुठे मोजायची? बेंबीपाशी एक आकडा येतो, नाडीच्या जागी दुसरा. काटा आणला तर रोज बघायचा का? मैत्रिणीचा दोन दिवसांत दीड किलो इकडेतिकडे होतो. आणि एखादा कपडाच माप म्हणून ठेवायचा तर कोणता?

कोथिंबीरवडी: ताई, नाडीची जागा विसरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंमी, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत राहायला सांगतात. पुरुषांना ९०.

सुईदोरा: काटा आठवड्यातून एकदाच. ठरलेला वार, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल तर अंग पाणी धरतं, तो आकडा मनावर घेऊ नका. पाळी चालू असेल तर त्या दिवसांतलाही नाही. कपडा म्हणाल तर तुमचा ब्लाउजच ठेवा. ताणणारा नको, पहिल्या धुण्यात आटणाराही नको.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. मोजली, ३५ भरली. अहोंनी हौसेने स्वतःचीही मोजून घेतली. ते गेली दहा वर्षं चौतीसचीच पँट घेतात, पण ती पोटाच्या खाली बसते. टेपने चाळीस! तेव्हापासून गप्प आहेत. काटा आता दोघांसाठी घ्यायचाय. डिजिटल बरा की काट्याचा जुना?