५० लिटरचा मरीन टँक घेऊ नका म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

कोथरूडकर (धागाकर्ता)

गोड्या पाण्याचे टँक आठ वर्षं केले. गप्पी, टेट्रा, मग वनस्पतींचा टँक, सगळं झालं. गेल्या वर्षी खाऱ्या पाण्याचं मनात आलं आणि ज्याला विचारावं तो एकच पाढा म्हणे: "दोनशे लिटरच्या खाली जाऊ नकोस, छोट्या टँकमध्ये मासे मरतात." टू बीएचकेमध्ये दोनशे लिटरचा टँक, खाली संप (फिल्टरची वेगळी टाकी), बाजूला स्किमरची, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची घरघर? बायको म्हणाली, त्यापेक्षा म्हैस आण, दूध तरी मिळेल.

शेवटी ५० लिटरचा ऑल-इन-वन घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या बाजूला काळ्या काचेआड तीन कप्पे असतात. वरच्या फणीसारख्या जाळीतून पाणी पहिल्या कप्प्यात पडतं, तिथं गाळायचा कापूस. दुसऱ्यात कार्बन आणि सिरॅमिक. तिसऱ्यात हीटर आणि पंप, तो पाणी परत पुढं फेकतो. समोरून एकही नळी दिसत नाही, भोक पाडायचं नाही, प्लंबर नको.

चौदा महिने झाले. दोन ओसेलारिस क्लाउन (केशरी-पांढरे पट्टेवाले मासे; टँकमध्येच पैदास झालेले, समुद्रातून धरलेले नव्हेत), एक गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा), एक क्लीनर कोळंबी, थोड्या गोगलगाई. मासे टाकण्याआधी सहा आठवडे नुसता दगड आणि अमोनिया घालून टँक सायकल केला, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी वाढू दिले. घरचे रोज विचारत, "मासे कुठायत?" स्किमर नाही. दर रविवारी पाच लिटर पाणी बदलतो. लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर आठवड्याला १७५ ग्रॅम मीठ, वर्षाला साधारण नऊ किलो. दीडशे लिटरवाल्याला त्याच हिशेबानं २७ किलो लागेल, शिवाय दर आठवड्याला १५ लिटर शुद्ध पाणी. ते कुठून आणणार?

माझं म्हणणं साधं आहे. मोठा टँक स्थिर असतो हे खरं, पण तो स्वच्छ ठेवायचा कंटाळाही मोठा असतो. नवख्यानं छोटाच घ्यावा.

खारेगावचा

असहमत, आणि जोरात असहमत. चौदा महिने टिकला म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. हेल्मेट न घालता चौदा महिने घोडबंदर रोडनं जाणारेही आहेत.

तुमच्या ५० लिटरमध्ये दगड-वाळू वजा जाता पाणी उरतं ४२ लिटर. क्षारता ३५ (लिटरला ३५ ग्रॅम), म्हणजे विरघळलेलं मीठ १४७० ग्रॅम. वर पंखा लावला असेल तर दिवसाला लिटरभर पाणी सहज उडतं. पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं. तीन दिवस वरून पाणी घातलं नाही तर ३९ लिटरमध्ये तेच १४७० ग्रॅम, म्हणजे क्षारता ३७.७. माझ्या टँक-संपात मिळून १४० लिटर आहे. तीन दिवसांत पाच लिटर उडालं तरी मी ३६.३ वर. हा फरक कोळंबीला विचारा.

वर तुमच्या कप्प्यांची गंमत अशी की पुढच्या टँकची पातळी हलत नाही, सगळी घट शेवटच्या कप्प्यात दिसते. त्यात पाणीच चार-पाच लिटर. तुम्ही लग्नाला रत्नागिरीला जाऊन तिसऱ्या दिवशी परत आलात की पंप हवा ओढत खडखडत असतो.

अमोनियाचंही तेच. एक गोगलगाय दगडामागं मरून पडली तर १४० लिटरमध्ये मला वास येईपर्यंत वेळ मिळतो, तुम्हाला मिळत नाही. त्यात समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास, तिथं तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विषारी ठरतो. नवख्याला चूक करायला जागा लागते. ती जागा म्हणजेच लिटर.

नागपुरी ऊन

अरे राजेहो, तुम्ही मीठ मोजत बसलात, इथं पाणी उकळून रायलं ना! मे महिन्यात ४५ डिग्री. टँक हवा २५-२६ ला. छोट्या टँकचं पाणी दुपारी चारलाच खोलीच्या बरोबरीला येते. वरून लाइट अन् पंप मागच्या कप्प्यात बसून आणखी गरम करते.

मी पंखा लावला. कोरडी हवा आहे, म्हणून इकडं पंख्यानं दोन-तीन डिग्री उतरते. पण मग दिवसाला लिटर नाही, दीड-दोन लिटर उडते. मग चिलर घेतला. तो टँकपेक्षा महाग पडला अन् टँकपेक्षा मोठा दिसते. पाहुणे त्यालाच फिल्टर समजतात. डब्यावर "ऑल-इन-वन" लिहिलं होतं, त्यातल्या ऑलमध्ये ऊन धरलंच नव्हतं भाऊ.

कोथरूडकर

@खारेगावचा, आकडे मान्य. पण तुम्ही धरून चाललात की मी तीन दिवस पाणी घालणार नाही. मी एटीओ लावलाय. पातळी उतरली की सेन्सर छोटा पंप सुरू करतो, बाजूच्या डब्यातून शुद्ध पाणी येतं. प्रश्न मिटला.

@नागपुरी ऊन, पुण्यात चाळीसच्या आसपास निभतं. मे महिन्यात दुपारी लाइट बंद ठेवतो, रात्री लावतो. माशांना काय, त्यांना कुठं ऑफिसला जायचंय.

खारेगावचा

एटीओ! माझ्या मित्राच्या सेन्सरवर गोगलगाय चढून बसली. सेन्सरला वाटलं पाणी कमी आहे. डब्यातलं आठ लिटर गोडं पाणी एका रात्रीत आत, त्यातलं काही फरशीवर, आणि फरशीवर गेलेलं पाणी खारं होतं हे वेगळं सांगायला नको. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

यंत्र लावू नका असं नाही म्हणत. पण डबा छोटा ठेवा, दोन-तीन लिटरचाच. अडकला तरी टँक बुडणार नाही.

दोन पिलांची आई

मध्येच विचारते, रागावू नका. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला तो केशरी मासा आणि तो निळा मासा, दोन्ही हवेत. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा ६० लिटरचा सेट घ्या, दोन्ही आरामात राहतील, घरच्या आरओचं पाणी चालेल, मीठ टाका, उद्या मासे घेऊन जा." खरं आहे का?

खारेगावचा

ताई, त्या वाक्यात एकच गोष्ट खरी आहे: मीठ टाका.

निळा मासा म्हणजे ब्लू टँग. दुकानात तीन इंचांचा दिसतो, वाढला की फूटभर होतो आणि दिवसभर पोहत असतो. त्याला ६० काय, माझा टँकसुद्धा पुरणार नाही. घेऊच नका. केशरी, म्हणजे क्लाउन, चालेल. त्याला हात-दीड हात जागा पुष्कळ, तो फारसा फिरत नाही, आणि नीट ठेवला तर वीस वर्षंही जगतो. मुलगा इंजिनिअर होईपर्यंत तुम्हीच सांभाळायचाय.

कोथरूडकर

निळ्या माशावर खारेगावकरांशी शंभर टक्के सहमत, नोंद घ्यावी.

आरओबद्दल मात्र नीट सांगतो, कारण माझे पहिले तीन महिने त्यातच गेले. घरच्या आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी मुद्दाम परत मिसळतात, म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ३०-५० वगैरे येतो. पिण्याला उत्तम, टँकला नाही. त्यातल्या सिलिकेटवर वाढणाऱ्या शेवाळानं वाळू तपकिरी होते, रविवारी पुसली की बुधवारी परत. टँकला शून्य टीडीएस लागतो, म्हणजे आरओच्या पुढं डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांची) नळी. मी वेगळं छोटं युनिट बसवलं तेव्हा वाळू पांढरी राहिली. समुद्राचं पाणी आणू का म्हणून कुणी विचारेल: जुहू-दादरचं तर अजिबात नको. पावसाळ्यात ते निम्मं गोडं असतं आणि उरलेलं काय असतं ते लिहवत नाही.

आणि उद्या मासे नाही. सहा आठवड्यांनी. दोन क्लाउन एकाच वेळी, लहान वयाचे घ्या. जन्मतः सगळे नर असतात, जोडीतला मोठा पुढं मादी होतो. सात वर्षांच्या मुलाला हे कसं सांगायचं ते तुमच्यावर सोडतो.

मालवणी पाणबुड्या

लिटरांचो हिशेब झालो असात तर एक इचारू? दगड खंयसून हाडलास?

पुढं सगळ्यांना समजेल असं लिहितो. मी मालवणला पर्यटकांना पाण्याखाली नेतो. १९८७ पासून आमच्याकडं सागरी अभयारण्य आहे, तरी मुंबई-पुण्याचे शौकीन अजून विचारतात, "एखादा लाइव्ह रॉक मिळेल का?" लाइव्ह रॉक म्हणजे प्रवाळाचा सांगाडा. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, २००१ पासून. समुद्रघोडेही आले, मोठे शिंपले आले. म्हणजे कायद्यानं वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मेलेला तुकडा शोकेसमध्ये ठेवणंही गुन्हा.

मुंबईत कोस्टल रोडच्या कामात हाजी अली-वरळीला खडकांवर प्रवाळाच्या १८ वसाहती सापडल्या होत्या. तेवढ्या हलवायलासुद्धा महापालिकेला वनखात्याची परवानगी काढावी लागली, २०२० मध्ये त्या हलवल्या. आणि हितं लोक चॅटवर जाहिरात टाकून विकतात: "मस्त हॅमर कोरल, पुणे डिलिव्हरी."

माझं मत: खारा टँक करूच नये, छोटाही नको नि मोठाही नको. मासा बघायचा तर समुद्रात या.

कोथरूडकर

माझा दगड कोरडा, कारखान्यात केलेला सिरॅमिकचा. पावती आहे. प्रवाळ नाही. फक्त मासे, कोळंबी, गोगलगाई. त्यामुळं प्रवाळाला लागणारं कॅल्शियम-क्षारांक मोजायची भानगडही नाही. भारतात नवख्यानं असाच टँक करावा, आणि त्याला ५० लिटर पुरतात हाच माझा मुद्दा.

बाकी "समुद्रात या" हे मालवणहून म्हणायला सोपं आहे. आम्ही लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावूनच समुद्र पाहिला.

मालवणी पाणबुड्या

सिरॅमिकचो? मग ठीक आसा. पण माशांचं काय? क्लाउन टँकमधले म्हणता, गोबी कुठला? दुकानात येणारे बरेच खारे मासे अजून समुद्रातूनच धरलेले असतात, आणि इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या बाजूला सायनाइड फवारून मासे धरण्याचा इतिहास मोठा आहे. क्लाउनची पैदास आपल्याकडं सीएमएफआरआयनं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं) करून दाखवली आहे, तंत्र शेतकऱ्यांना, बचत गटांना शिकवलं आहे. तसलेच घ्या, नाहीतर नको.

कोथरूडकर

गोबीबद्दल दुकानदाराला विचारलं नव्हतं. खरं तेच लिहितो.

हडसनकाठी

न्यू जर्सीतून. इथं उलटी तऱ्हा, जानेवारीत हीटर बंद पडेल याची धास्ती. ऑल-इन-वन इथं कपाटासारखे रांगेनं मांडलेले असतात. मी दोन वापरले, म्हणून निवडताना काय बघायचं ते सांगतो.

फ्लुव्हलचा इव्हो, ५२ लिटर. दिसायला सुंदर, झाकण आहे म्हणून उडणारं पाणी कमी, उडी मारणारे मासेही वाचतात. पण हीटर सोबत येत नाही, मागचे कप्पे इतके अरुंद की हात जात नाही, चिमट्यानं कापूस काढावा लागतो. रेड सीचा मॅक्स नॅनो ७५ लिटर, त्यात स्किमर येतो आणि पाणी भरायची टाकी आतच असते. महाग, पण डब्यावरच्या "ऑल" या शब्दाच्या जरा जवळ. तिथं मिळतो का, सर्व्हिस कोण देतं, ते तुम्हीच बघा. पंपाचा सुटा भाग गावात मिळत नसेल तर सुंदर काच काय कामाची?

माझा सल्ला: लिटर बघू नका, मागच्या कप्प्यात स्वतःचा हात घालून बघा. बोटं तळाला टेकली तर घ्या.

नागपुरी ऊन

अन् लाइट गेली तर? हे कोणीच नाही बोललं. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा पाचवा भाग कमी मावते, गरम झालं की आणखी कमी. मागच्या जूनमध्ये वादळात सात तास लाइट नव्हती. सेलवर चालणारा हवेचा पंप होता म्हणून वाचले. स्वस्त वस्तू आहे, सगळ्यात आधी घ्या. चिलर मागून.

दोन पिलांची आई

सगळं वाचलं. मुलाला सांगितलं की निळा येणार नाही, तर तो म्हणाला मग गोगलगाय चालेल. टँक ६० चाच घेतेय, पण रिकामा, आणि दिवाळीनंतर. शून्य टीडीएसवालं पाणी आमच्या इथं एक बॅटरीवाला कॅनमधून देतो म्हणे, ते तपासते.

कोथरूडकर

बॅटरीवाल्याचं पाणी घ्या, पण टीडीएस मीटर स्वतःचा ठेवा.

@खारेगावचा, बघा, अजून एक छोटा टँक झाला.

खारेगावचा

झाला, पण दिवाळीनंतर आणि निळ्या माशाशिवाय. तेवढं माझ्या खात्यावर मांडा. आणि ताई रोज घरी असतील तर चालेलही. ज्याचं महिन्यातून दहा दिवस टूरिंग आहे त्यानं ५० लिटर घेऊ नये, एवढं तरी धाग्यात वर लिहा.

कोथरूडकर

लिहितो. पण एक सांगा, नवीन मासा आणला की तुम्ही तो थेट मोठ्या टँकमध्ये सोडता का?

खारेगावचा

छे, आधी महिनाभर क्वारंटाइन. वेगळा टँक आहे त्याला.

कोथरूडकर

किती लिटरचा?

खारेगावचा

चाळीस. तो मोजायचा नाही.

नागपुरी ऊन

अन् त्यात मासे जगतात कसे भाऊ?

खारेगावचा

रोज सकाळी चहाआधी तांब्याभर पाणी घालतो.