मदत हवी आहे: आवडीच्या कामाला बोनस लावावा का?

आमच्या टीममधली एकजण नव्या लोकांना काम शिकवते, कुणी न सांगता. आता वरून विचारणा आली आहे, यासाठी तिला दरमहा बोनस ठेवू या का? मला धास्ती वाटते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या लहान मुलांना बक्षीस आधी कबूल करून चित्रं काढायला लावली. नंतर ती मुलं आपणहून कमी चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांचं तसं झालं नाही.

पण फुकट राबवून घेणंही पटत नाही (नुसत्या कौतुकावर घर चालत नाही). शिवाय तिला वरच्या पदावर जायचंय, हे ती उघड बोलते. मग बोनसऐवजी मूळ पगार वाढवायला सांगू, की थेट बढती? कुणी असं करून पाहिलंय का?