शब्दचर्चा: सहभाग घेतला, झाला की करून घेतला?

स्थानिक राजकारण आणि लोकसहभाग यांवरच्या एका अभ्यासाची प्रश्नावली मराठीत आणायचं काम सध्या माझ्याकडे आहे. मूळ मजकुरात एकच क्रियापद पानोपानी येतं, आणि मीही प्रत्येक ठिकाणी ‘सहभाग घेणे’ लिहीत गेले. चाचणीच्या मुलाखतींत पंचाईत झाली. ‘तुम्ही स्थानिक राजकारणात सहभाग घेता का?’ असं विचारल्यावर एक बाई लगेच म्हणाल्या, ‘नाही हो, आमचा राजकारणाशी काय संबंध!’ मी ‘नाही’वर खूण केली. थोड्या वेळाने पाण्याचा विषय निघाला तशी त्यांनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत जलवाहिनीसाठी तीन वर्षं केलेल्या अर्जांच्या प्रती होत्या, प्रत्येकीवर पोच घेतल्याचा शिक्का. खालच्या सह्यासुद्धा त्यांनीच दारोदार फिरून गोळा केलेल्या. माझ्या कागदावर मात्र त्यांचं उत्तर ‘नाही’.

‘सहभाग’ऐवजी ‘सहभागिता’ लिहिलं तर फरक पडेल का? की शब्दच दुसरा हवा?

प्रतिसाद

‘सहभागिता’ने काही साधणार नाही. प्रत्यय वाढतो, अर्थ तिथेच राहतो.

त्या बाईंना अडवलं ते ‘राजकारण’ या शब्दाने. ‘यात राजकारण आणू नका’, ‘ऑफिसातलं राजकारण’, ‘तो फार राजकारणी आहे’: रोजच्या बोलण्यात हा शब्द डावपेचांसाठी नाहीतर पक्षांसाठी येतो. अभ्यासकाला त्यात पाणी, रस्ता, शाळा, त्यांच्यासाठी केलेले अर्ज सगळं दिसतं. उत्तर देणाऱ्याला ते दिसत नाही. मी तर मुलाखतीच्या प्रश्नांतून ‘राजकारण’ काढूनच टाकेन. अहवालात खुशाल ठेवा.

‘सहभाग’चं दुखणं वेगळं आहे. ‘भाग’ म्हणजे वाटा, हिस्सा. ‘भागीदार’ म्हटलं की नफ्यातोट्यातला वाटेकरी डोळ्यांपुढे येतो. सहभागातही तोच ‘भाग’ आहे, पण वापरून वापरून तो हजेरीपर्यंत झिजला. स्पर्धेत शेवटचा आला तरी सहभागाचं प्रमाणपत्र मिळतंच की! हीच तीन वाक्यं पाहा: ‘रहिवासी सहभागी झाले.’ ‘रहिवाशांना सहभागी करून घेतलं.’ ‘निर्णयात रहिवाशांचा वाटा होता.’ पहिल्यात ते आले. दुसऱ्यात त्यांना कोणीतरी आणलं, आणि आणणारा कोण हे वाक्य सांगत नाही. तिसऱ्यातच त्यांच्या हाती काही आलं. अहवालांमध्ये सर्वांत जास्त सापडतं ते दुसरं, आणि खाली आकडा असतो उपस्थितीचा. माझा राग आहे तो त्या ‘करून घेतलं’वर.

प्रतिसाद

हा फरक अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखला आहे. शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासिकेने 1969 सालच्या एका लेखात नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानतच नाहीत. मधल्या तीन, म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि पाचवी पायरी, या नावापुरत्या. सत्तेत खरा वाटा सुरू होतो तो सहाव्या पायरीपासून, आणि तिचं नाव भागीदारी. म्हणजे वरच्या प्रतिसादातला ‘भागीदार’ नेमक्या जागी बसतो.

पाचव्या पायरीचं मूळ इंग्रजी नाव ‘placation’. तिच्यासाठी मराठीत ‘सांत्वन’, ‘तुष्टीकरण’ असे शब्द सुचतात. दोन्ही मला पटत नाहीत. समितीवर एखाद-दुसरी जागा द्यायची, बोलू द्यायचं, अखेरचा शब्द मात्र आपल्याकडेच ठेवायचा, याला आपण ‘बोळवण करणे’ म्हणतो. बोळवण म्हणजे मुळात निरोप देणं, पाहुण्याला मानाने वाटेला लावणं. हातात काहीतरी ठेवून पाठवून द्यायचं, ही सगळी क्रिया त्या एका शब्दात आहे.

त्याच लेखात फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका भित्तिपत्रकाचा उल्लेख आहे. व्याकरणाच्या तासाला चालवावं तसं क्रियापद चालवलंय: मी भाग घेतो, तू भाग घेतोस, तो भाग घेतो, आम्ही भाग घेतो, तुम्ही भाग घेता, ते फायदा घेतात. मराठीत शेवटपर्यंत ‘घेणे’च राहतं. भागही घेतात आणि फायदाही घेतात. फ्रेंचमध्ये शेवटी क्रियापद बदलावं लागतं. मला मराठी रूप जास्त झोंबतं.

प्रतिसाद

दोन गोष्टी घाईत लिहिते. ‘समाजाचा सहभाग’ असं प्रश्नावलीत कुठे असेल तर बदला. ‘आमचा समाज’ म्हटलं की बहुतेकांना आपली जात कळते. ‘समुदाय’ पुस्तकी आहे, आणि ‘जनसमुदाय’ म्हणजे गर्दी. सरळ ‘वस्तीतले लोक’ लिहा.

दुसरं, ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून रहिवासी सभांमध्ये बसून शहराच्या कामांचा प्राधान्यक्रम ठरवू लागले. त्या पद्धतीला मराठीत ‘सहभागी अर्थसंकल्प’ म्हणतात. इथे सहभागी कोण झालं, अर्थसंकल्प? संशोधनातलं ‘सहभागी निरीक्षण’ निदान ओढूनताणून चालतं, कारण निरीक्षक स्वतः लोकांत मिसळलेला असतो. ‘लोकांनी ठरवलेला अर्थसंकल्प’ लांब आहे, पण कर्ता जागेवर आहे.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचेही आभार. ‘बोळवण’ उचलली. अहवालात पाचव्या पायरीला तोच शब्द जाईल.

‘सहभाग’ पूर्ण टाकणार नाही. शीर्षकात आणि चर्चेत राहू दे, अभ्यासक्षेत्राचं नाव म्हणून तो रुळला आहे. मुलाखतीत मात्र त्याचे तुकडे केले. आता प्रश्न असे आहेत: बैठकीला गेलात का? तिथे बोललात का? बैठकीत कोणते विषय येणार हे कोणी ठरवलं? हा तिसरा प्रश्न बॅकरॅक आणि बॅराट्झ या अमेरिकन अभ्यासकांच्या सत्तेवरच्या 1962 च्या लेखामुळे घातला. सत्ता निर्णय घेण्यात असते तशीच विषय पटलावर येऊच न देण्यातही असते, हा त्यांचा मुद्दा. मराठीत त्याला शब्द शोधावा लागला नाही, ‘विषय येऊच दिला नाही’ असं लोक आपणहून म्हणतात.

चौथा प्रश्न: ‘तुमच्या सांगण्यावरून एखादा निर्णय बदलला का? कोणता?’

नवी प्रश्नावली घेऊन त्याच बाईंकडे पुन्हा गेले. पहिल्या दोन्हींना ‘हो’. तिसऱ्याला म्हणाल्या, ‘ते वरूनच येतं.’ चौथ्याला बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘लाइन आली. पण आम्ही सांगितलेल्या बाजूने नाही.’ यासाठी ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने आहेत. तिसऱ्या रकान्याला काय नाव द्यावं, सुचवा.